बड्या धेंडांची डिक्शनरी

इंग्रजी बिझनेसच्या बातम्या रोज स्क्रोल करत असाल तर चार शब्द हमखास भेटतात. मीडिया मोगल. रिअल इस्टेट टायकून. पोलिटिकल पंडित. आणि बातमी लंडनची असेल तर तिथल्या बड्या सरकारी सचिवांसाठी मँडरिन. चारही शब्द वजनदार माणसांसाठीचे. चारही आज अस्सल इंग्रजी म्हणून खपतात. आणि चारांपैकी एकही इंग्लंडात जन्मलेला नाही. मोगल आणि पंडित आपल्याकडून गेले, टायकून जपानमधून गेला आणि मँडरिनची पाळंमुळं खणत गेलं तर आपण थेट 'मंत्री' या शब्दाशी येऊन थांबतो.

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमच्याकडे 'गिट ब्लेम' नावाची एक कमांड असते. कोडची कुठलीही ओळ कुणी, कधी लिहिली ते ती एका फटक्यात सांगते. ओळ साधीच दिसते, पण तिच्यामागे कुठल्या तरी रिलीजच्या आदल्या रात्रीची मारामारी असते. शब्दांवर ही कमांड चालवता आली तर काय दिसेल? बड्या माणसांच्या इंग्रजी शब्दांपुरतं तरी उत्तर सांगता येतं. जवळपास प्रत्येक ओळीच्या मागे एक जिंकलेला देश दिसतो.

भाकरीचा राखणदार

सुरुवात घरच्या शब्दापासून करू. 'लॉर्ड' हा इंग्रजीचा अगदी आतला, जुना शब्द. जुन्या इंग्रजीत तो 'ह्लाफवेअर्ड' असा होता. ह्लाफ म्हणजे पाव, आजचा 'लोफ'. वेअर्ड म्हणजे राखणदार. लॉर्ड म्हणजे भाकरी राखणारा. 'लेडी'ही त्याच स्वयंपाकघरातली. तिच्या जुन्या रूपाचा अर्थ कणीक मळणारी. सत्ता म्हणजे काय, तर धान्याच्या कोठीची किल्ली कुणाच्या कमरेला आहे ते. इतकी प्रामाणिक व्याख्या नंतरच्या कुठल्याच शब्दात सापडत नाही.

मग १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं. राज्य फ्रेंच बोलणाऱ्यांचं झालं आणि बडेपणाचे शब्दही फ्रेंच झाले: नोबल, जेंटल, बॅरन, ड्यूक, प्रिन्स. गंमत यांच्या पुढच्या प्रवासात आहे. 'जेंटल' म्हणजे मुळात चांगल्या कुळातला. हळूहळू त्याचा अर्थ झाला सौम्य, सुस्वभावी. 'नोबल' म्हणजे उमराव. त्याचा अर्थ झाला उदात्त. 'जेनेरस'चं लॅटिन मूळ म्हणजे खानदानी. त्याचा अर्थ झाला उदार. आणि शेतवाडीवर राबणारा, मालकाच्या जमिनीला बांधलेला जो 'विलेन', तो झाला आपल्या सिनेमातला व्हिलन. नार्नियाच्या गोष्टी लिहिणारे सी. एस. लुईस यांनी १९६० च्या आपल्या 'स्टडीज इन वर्ड्स' या पुस्तकात या प्रकाराकडे लक्ष वेधलं आहे: समाजातला दर्जा सांगणारे शब्द हळूहळू माणसाचा स्वभाव सांगू लागतात.

आपण यात मागे नाही. 'सभ्य' म्हणजे सभेत बसण्याच्या लायकीचा. 'नागर' म्हणजे नगरातला, आणि म्हणून सुसंस्कृत. 'ग्राम्य' म्हणजे गावातला, आणि म्हणून अश्लील. हॉस्टेलवर पहिल्या वर्षी ज्याला 'गावठी' म्हणून चिडवलं गेलंय त्याला हे भाषाशास्त्र वेगळं शिकवावं लागत नाही. (अपवाद एकच. गावठी अंडी आणि गावठी कोंबडी. तिथे मात्र शहरवाले जास्तीचे पैसे मोजतात.)

तर हे झाले वरून आलेले शब्द, जिंकणाऱ्याचे. ते सद्गुण बनले. पुढे इंग्रज स्वतः जिंकायला बाहेर पडले आणि जिंकलेल्यांचे शब्द घरी घेऊन आले. त्यांचं काय झालं, ते बघायला हवं.

मोगल

सर टॉमस रो १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील म्हणून सुरतेला उतरला आणि तिथून जहांगीरच्या दरबारात गेला. त्या काळात हिंदुस्थानचा बादशहा इंग्रजांसाठी 'ग्रेट मोगल' होता. दरबाराच्या थाटापुढे इंग्लंडहून आणलेल्या नजराण्यांची त्याला स्वतःलाच लाज वाटत होती. 'मोगल' या शब्दात तेव्हा दरारा होता. त्याच शतकात तो इंग्रजीत कुणाही दांडग्या सत्ताधीशासाठी वापरला जाऊ लागला.

खुद्द त्या घराण्याला मात्र हे नाव फारसं प्रिय नव्हतं. मोगल म्हणजे मंगोल. बाबर स्वतःला तैमूरच्या वंशाचा मानायचा, घराणं स्वतःला 'गुरकानी' म्हणवायचं, आणि बाबराने आपल्या आठवणींत मोगलांबद्दल चांगलाच तिरस्कार व्यक्त केला आहे. पण ब्रँडचं नाव गिऱ्हाइकं ठरवतात, मालक नाही.

विसाव्या शतकात हा शब्द हॉलिवूडच्या स्टुडिओमालकांना चिकटला. अडॉल्फ झुकर हंगेरीत जन्मलेला, कार्ल लेम्ली जर्मनीत, लुई मेयर रशियन साम्राज्यात. गरीब ज्यू घरांतून आलेली, अमेरिकेत येऊन सिनेमाचा धंदा उभारणारी ही माणसं. यांना 'मूव्ही मोगल' म्हणण्यात कौतुक होतं, पण थोडं 'हे आपल्यातले नव्हेत'ही होतं. पैसा आहे, सत्ता आहे, पण चव जरा भडक आहे.

मराठीने याच शब्दाची वेगळीच आठवण ठेवली. 'इथे काय मोगलाई लागून गेली आहे का?' असं आपण रांगेत घुसणाऱ्याला विचारतो. इंग्रजाने मोगलाचा दरबार पाहिला, त्याच्या लेखी मोगल म्हणजे वैभव. दख्खनच्या गावाने मोगलाची फौज पाहिली, त्याच्या लेखी मोगलाई म्हणजे अंदाधुंदी. शब्द तोच, फक्त बघणारा उभा कुठे होता एवढाच फरक. आता हॉटेलच्या मेन्यूकार्डावर मोगलाई म्हणजे काजूची ग्रेव्ही, हा तिसरा अर्थ. तो सगळ्यांनाच चालतो.

नबाब

या सगळ्या यादीत सगळ्यात जास्त रक्त लागलेला शब्द 'नेबॉब' हा आहे, म्हणजे आपला नबाब.

मूळ अरबी 'नाइब', म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम बघणारा. त्याच्या अनेकवचनावरून 'नवाब' तयार झाला. तुमच्या तालुक्याच्या कचेरीतल्या नायब तहसीलदारातला 'नायब' हाच. म्हणजे नवाब मुळात राजा नव्हेच, बादशहाचा प्रतिनिधी. पोर्तुगीजांनी त्याचं 'नाबाबो' केलं आणि इंग्रजांनी 'नेबॉब'.

१७५७ ला प्लासी झाली. कंपनीने सिराजउद्दौल्याला पाडून मीर जाफरला गादीवर बसवलं आणि त्या बदल्यात रॉबर्ट क्लाइव्हला एकट्याला २,३४,००० पौंड मिळाले. वय ३१. पुढे वर्षाला सुमारे २७,००० पौंडांची जहागीर मिळाली ती वेगळी. १७६५ मध्ये कंपनीला बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल गोळा करायचा अधिकार मिळाला. त्यानंतर कंपनीचे साधे कारकून म्हणून गेलेले तरुण दहा-पंधरा वर्षांत अफाट पैसा घेऊन परतायला लागले. ते इंग्लंडात वाडे बांधत, जमिनी घेत आणि पार्लमेंटच्या जागा सरळ विकत घेत. लंडनने यांना नाव दिलं: नेबॉब.

१७७२ मध्ये लंडनच्या हेमार्केट थिएटरात सॅम्युअल फूटचं 'द नेबॉब' हे नाटक लागलं. त्यातला सर मॅथ्यू माइट हिंदुस्थानातून गबर होऊन आला आहे. एका जुन्या, पण कर्जात बुडालेल्या उमराव घराण्याला तो पेचात पकडतो: मुलगी द्या, नाहीतर देशोधडीला लागा. तो विकत घेऊ पाहतो त्या मतदारसंघाचं नाव फूटने 'ब्राइबेम' ठेवलं आहे. आपण मराठीत 'लाचपूर' म्हटलं असतं. शेवटी त्या घराण्यातलाच एक व्यापारी भाऊ पैसे भरून सगळ्यांना सोडवतो. पब्लिक खूश.

आता हे नाटक चालू होतं तेव्हा बंगालमध्ये काय चाललं होतं ते पाहा. १७६९-७० मध्ये बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. १७७२ मध्ये गव्हर्नर वॉरन हेस्टिंग्जने कंपनीला जो अहवाल पाठवला, त्यात किमान एक तृतीयांश लोक मेले असा अंदाज आहे. त्याच अहवालात आणखी एक माहिती आहे: १७७१ ची महसुलाची वसुली दुष्काळाआधीच्या १७६८ च्या वसुलीपेक्षाही जास्त भरली. माणसं मेली, वसुली वाढली. आकडे त्यांच्याच वहीतले.

म्हणजे लंडनला रागवायला कारण भरपूर होतं. बंगालच्या हालअपेष्टांबद्दल बोलणारेही तिथे होते. पण नाटकातला राग मुख्यतः कशाबद्दल आहे? काल परवापर्यंत कारकून असलेला माणूस आज उमरावाच्या मुलीला मागणी घालतो, याबद्दल. जुन्या पैशाला नव्या पैशाची चीड आली होती. पैसा कुठून आला, हा प्रश्न त्या चिडीला शस्त्र म्हणून उपयोगी पडला, एवढंच.

आणि शब्दाने आणखी एक काम चोख केलं. लूट केली इंग्रजाने, इंग्रजी कंपनीच्या हुकमाने, इंग्रजी शेअरहोल्डरांच्या फायद्यासाठी. पण त्या माणसाला नाव दिलं हिंदुस्थानी. जणू हा गडी इथून निघाला तेव्हा सज्जन होता, तिकडच्या हवेने बिघडला. लाच, हाव, उधळपट्टी, हे सगळं नबाबी, म्हणजे पूर्वेकडचं. वर्षाला शिक्का कुणाचा आणि नाव कुणाचं! आमच्या भाषेत सांगायचं तर बग एकाने टाकला आणि कमिट दुसऱ्याच्या नावावर गेला.

१७७३ मध्ये पार्लमेंटमध्ये क्लाइव्हची चौकशी झाली. आपण किती कमी घेतलं याचं आपल्यालाच आश्चर्य वाटतं, अशा अर्थाचं त्याचं उत्तर प्रसिद्ध आहे. पार्लमेंटने शेवटी त्याने देशाची मोठी सेवा केली असा ठराव करून विषय संपवला. आज वेल्समधल्या पाविस किल्ल्यात क्लाइव्ह घराण्याने हिंदुस्थानातून नेलेल्या वस्तूंचा संग्रह बघता येतो. 'लूट' हा शब्दही इंग्रजीने आपल्याकडूनच उचलला, हे बहुतेकांना माहीत असतं.

आपणही थोडी परतफेड केली. 'लॉर्ड'चं आपण 'लाट' केलं आणि गव्हर्नर जनरल झाला 'बडा लाट'. आज घरी उशिरा उठणाऱ्या पोराला आई म्हणते, 'उठले का लाटसाहेब?' भाकरीचा राखणदार दीड हजार वर्षांचा प्रवास करून आपल्या स्वयंपाकघरात येतो आणि तिथे त्याला थंड पोहे मिळतात.

मंत्री आणि बिझनेस कार्ड

मँडरिनचा रस्ता सरळ आहे. संस्कृत 'मंत्रिन्', त्यावरून मलय भाषेत 'मेंतेरी', मलाक्कात पोचलेल्या पोर्तुगीजांच्या तोंडी 'मांदारिम', तिथून इंग्रजीत 'मँडरिन'. पोर्तुगीजमध्ये 'मांदार' म्हणजे हुकूम करणं, त्यामुळे शब्द त्यांच्या जिभेवर लगेच बसला. वापरला मात्र चीनच्या अधिकाऱ्यांसाठी. चीनमध्ये परीक्षा घेऊन अधिकारी निवडायची पद्धत शेकडो वर्षं चालली, ती १९०५ मध्ये बंद झाली. इंग्रजांनी हिंदुस्थानच्या सनदी नोकरीसाठी खुली स्पर्धा परीक्षा १८५५ मध्ये सुरू केली. त्यांचे स्वतःचे सचिवही पुढे 'मँडरिन' झाले: हुशार, थंड, कधीच न बदलणारे. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत रात्री बारापर्यंत बसणारी मुलं याच वंशावळीच्या शेवटच्या टोकाला बसलेली आहेत.

टायकूनची गोष्ट आम्हा आयटीवाल्यांना लगेच कळेल. जपानमध्ये सम्राट क्योटोत होता, पण खरी सत्ता शोगुनकडे होती. परदेशी लोकांशी पत्रव्यवहार करताना शोगुनला साजेसं बिरुद हवं होतं, म्हणून 'ताइकुन', म्हणजे महान अधिपती, हे बिरुद वापरलं जायचं. म्हणजे हे क्लायंटला दाखवायचं डेझिग्नेशन होतं. कमोडोर पेरीच्या जहाजांनी १८५३-५४ मध्ये जपानची दारं उघडली आणि अमेरिकनांनी ते बिरुद खरं मानलं. १८६० च्या दशकात अब्राहम लिंकनचे सेक्रेटरी त्याला आपसात 'द टायकून' म्हणायचे. १८६८ पर्यंत शोगुनशाही संपली, पण टायटल अमेरिकेत राहिलं. १९२० च्या दशकात 'टाइम' मासिकाने ते उद्योगपतींना लावून लोकप्रिय केलं. कंपनी बंद पडली, व्हिजिटिंग कार्ड चालू आहे.

पंडित

पंडिताला इंग्रजीत तुलनेने मान मिळाला, कारण त्याची गरज होती. कंपनीच्या कोर्टात हिंदूंचे खटले त्यांच्या धर्मशास्त्राप्रमाणे चालवायचे ठरलं आणि इंग्रज न्यायाधीशांना संस्कृत येत नव्हतं. म्हणून कोर्टात पगारी पंडित नेमले गेले. ही पदं १८६४ पर्यंत होती.

त्यानंतरचे पंडित जास्त थरारक आहेत. तिबेटमध्ये परदेशी माणसाला बंदी होती आणि इंग्रजांना तर नकाशा हवा होता. सर्व्हे खात्याच्या कॅप्टन मॉन्टगोमेरीने कुमाऊंच्या डोंगरांतली माणसं तयार केली. त्यातला पहिला नैनसिंग रावत, पेशाने शाळामास्तर. त्याला ठरावीक लांबीचं पाऊल टाकायला शिकवलं गेलं. जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी. शंभर पावलं झाली की एक मणी ओढायचा. प्रार्थनाचक्राच्या आत मंत्राऐवजी नोंदींचे कागद. १८६५-६६ मध्ये यात्रेकरूच्या वेशात तो ल्हासापर्यंत पोचला आणि पावलं मोजत परत आला. या मोहिमांत खऱ्या नावांऐवजी टोपणनावं चालत, आणि नैनसिंग होता 'द पंडित'. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिलं.

आणि एक पंडिता. रमाबाई डोंगरे यांना १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी परीक्षा घेऊन 'पंडिता' ही पदवी दिली. १८८६ मध्ये त्या अमेरिकेत गेल्या, गावोगाव भाषणं दिली, 'द हाय कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक तिथेच काढलं आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केलं. अमेरिकन लोकांच्या कानावर हा शब्द एका मराठी बाईच्या नावाचा भाग म्हणून पडत होता.

आज इंग्रजीत पंडित म्हणजे स्टुडिओत टाय लावून बसलेला, निवडणुकीचा किंवा फायनलचा निकाल चुकवूनही दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीत येणारा माणूस. एका पंडिताने हिमालय पावलांनी मोजला. दुसरा पॅनलवर बसून देशाचा मूड सांगतो. अर्थ उतरला म्हणतात तो असा.

बोस्टनचे ब्राह्मण

१८६० मध्ये अमेरिकेच्या 'अटलांटिक मंथली' मासिकात ऑलिव्हर वेंडेल होम्स या डॉक्टर-लेखकाने बोस्टनच्या जुन्या, शिकल्या-सवरल्या घराण्यांना 'न्यू इंग्लंडची ब्राह्मण जात' असं नाव दिलं. 'बोस्टन ब्राह्मिन' हा शब्द तिथून रूढ झाला. होम्सच्या मनात वैभवापेक्षा पिढीजात विद्या होती आणि शब्दात कौतुक होतं. या वर्तुळातली काही माणसं गुलामगिरीविरुद्ध हिरिरीने लढली, हेही खरं. आणि यातल्या कित्येक घराण्यांची गडगंज संपत्ती चीनच्या व्यापारातून, अफूच्याही व्यापारातून आली होती, हेही खरं.

१३ वर्षांनी, १८७३ मध्ये, पुण्यात जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' छापून आलं. अर्पणपत्रिका होती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना. ब्राह्मणी वर्चस्व कशावर उभं आहे हे सांगणारं पुस्तक इथे लिहिलं जात होतं आणि ते अमेरिकेला अर्पण होत होतं. अमेरिकेत मात्र 'ब्राह्मिन' हा आदराचा शब्द होऊन बसला होता. बोस्टनच्या लेखकाला जातीचा वरचा मजला दिसला. जोतीरावांना पाया दिसला. इंग्रजी डिक्शनरीत वरचा मजला गेला.

विग, चीज आणि पॉश

सगळेच शब्द इतके गंभीर नाहीत. 'बिगविग' अगदी शब्दशः मोठा टोप. सतराव्या-अठराव्या शतकात युरोपात केसांचे टोप घालायची फॅशन होती; टोप जेवढा मोठा तेवढा माणूस मोठा. १७९५ मध्ये ब्रिटिश सरकारने केसांना लावायच्या पावडरीवर वर्षाला एक गिनी कर बसवला आणि फॅशनचा फुगा फुटायला मदत झाली.

'बिग चीज'मधलं चीज पिझ्झावरचं नसावं. बहुधा ती आपली 'चीज' आहे, 'काय चीज आहे हा!' मधली. अँग्लो-इंडियन शब्दांचा १८८६ चा प्रसिद्ध कोश 'हॉब्सन-जॉब्सन' यात ती नोंद सापडते. 'पँजँड्रम' म्हणजे उगाच मिजास करणारा बडा माणूस. हा निरर्थक शब्द १७५५ मध्ये, कुठलंही वाक्य एकदा ऐकून पाठ म्हणतो अशी फुशारकी मारणाऱ्या एका नटाची जिरवायला तयार केला गेला, असा किस्सा सांगतात. तयार करणारा कोण? 'द नेबॉब' लिहिणारा तोच सॅम्युअल फूट.

आणि 'पॉश'. व्हॉट्सॲपवर फिरणारी गोष्ट अशी की हिंदुस्थानात येणारे श्रीमंत इंग्रज जाताना जहाजाच्या डाव्या बाजूची, येताना उजव्या बाजूची सावलीतली केबिन घेत, आणि 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम'ची आद्याक्षरं म्हणजे पॉश. गोष्ट झकास आहे, पण तसा शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. श्रीमंती कुठून आली याची सावलीतली, निरुपद्रवी गोष्ट लोकांना आवडते. म्हणून ती फिरत राहते.

निवडलेले

आता आपल्या काळाकडे. 'एलिट' फ्रेंचमधून आला. त्याचा अर्थ 'निवडलेले', आणि लॅटिन मूळ तेच जे 'इलेक्शन'चं. म्हणजे निवडून आलेला सरपंचही मुळाअर्थी एलिट. मराठीत त्यासाठी 'अभिजन' वापरतात. त्याच्या संस्कृत अर्थात जन्म आणि कुळ आहे. 'अभिजात' म्हणजे उच्च कुळात जन्मलेला. इंग्रजी म्हणते आम्हाला निवडलंय. मराठी म्हणते आम्ही जन्मलोच असे. दोन्हीकडे मोठेपणाचा दावा आहे, फक्त मराठीचा जरा उघडपणे आहे.

१९८० च्या दशकात मोडेमवरून चालणाऱ्या बुलेटिन बोर्डांवर खास युजर्सना 'एलिट' म्हणत. त्यांना लपवलेल्या फाइल्स उघडता यायच्या. त्याचं तोडून 'लीट' झालं आणि इंग्रजी अंकांत १३३७ असं लिहिलं जाऊ लागलं, कारण ते अंक अक्षरांसारखे दिसतात. इंटरव्ह्यूसाठी आपण रात्र-रात्र ज्या लीटकोडवर घासतो त्याच्या नावातलं 'लीट' हेच. आणि कॅम्पसला येणाऱ्या बड्या कंपन्यांत सगळ्यात खालच्या पॅकेजच्या भरतीला 'एलिट' किंवा 'निन्जा' अशी नावं असतात, हे या वाचकवर्गाला मी सांगायला नको. पगार देता येत नसेल तर शब्द देता येतो. फुकट पडतो.

'इन्फ्लुएन्सर'चा जन्म ज्योतिषातला आहे. 'इन्फ्लुएन्स' म्हणजे ग्रहताऱ्यांकडून खाली वाहत येणारा प्रभाव. साथीचा ताप याच प्रभावाने येतो असं समजून इटालियन लोकांनी त्याला 'इन्फ्लुएन्झा' म्हटलं. म्हणजे इन्फ्लुएन्सर आणि फ्लू सख्खी भावंडं, दोघंही संपर्कातून पसरतात. 'सेलिब्रिटी'च्या लॅटिन मुळात गर्दी आहे, 'फेम'च्या मुळात वावडी. आधी मोठेपणाच्या शब्दात भाकरी होती, मग कूळ, मग जिंकलेला मुलूख, मग कारखाना. आता गर्दीच मोठेपण आहे.

२०२२ च्या अखेरीस ट्विटरची निळी खूण महिना आठ डॉलरला विकायला काढली तेव्हा बरीच चिडचिड झाली. इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाने १६११ मध्येच 'बॅरोनेट' हा किताब दर ठरवून विकायला काढला होता, किंमत १,०९५ पौंड. तेव्हाही जुन्या किताबवाल्यांना असंच झोंबलं होतं.

डिक्शनरीचं दुसरं टोक

बड्या माणसांच्या शब्दांचा हा हिशेब इथे संपवता आला असता. पण इंग्रजीने आपल्याकडून फक्त वरचे शब्द नेले नाहीत. तळाचेही नेले. 'कुली' नेला. तमिळ मुलुखात 'पराई' नावाचं ढोलासारखं वाद्य वाजवणाऱ्या समाजाचं नाव परैयार. अस्पृश्य म्हणून गावकुसाबाहेर ठेवलेली माणसं. त्यांच्या नावाचा 'पॅरिया' केला आणि त्याचा अर्थ ठरवला: ज्याला सगळ्यांनी वाळीत टाकलंय तो.

नेबॉब आज कुणी म्हणत नाही. १९७० मध्ये अमेरिकेचा उपाध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू टीकाकारांना झोडपताना 'नॅटरिंग नेबॉब्ज ऑफ निगेटिव्हिझम' म्हणाला. भाषण लिहून देणाऱ्या विल्यम सफायरने ते अनुप्रासासाठी जुळवलं होतं. तेवढा अपवाद सोडला तर शब्द जवळपास अडगळीत गेला. क्लाइव्हच्या संपत्तीला आज त्या शब्दाचा डाग चिकटलेला नाही. संपत्ती संग्रहालयात आहे, डाग धुतला गेला.

पॅरिया मात्र रोज छापला जातो. कुठल्या देशावर निर्बंध लागले की तो 'पॅरिया स्टेट' होतो, पार्टीतून काढलेला नेता 'पॅरिया' होतो. लिहिणाऱ्याला बहुतेक वेळा पत्ताही नसतो की हे जिवंत माणसांच्या एका समाजाचं नाव आहे, आणि त्यांनी कुणाचं काहीही लुटलेलं नव्हतं.